गाड्या वेशीबाहेर

माझं साताऱ्यात दुचाकीचं गॅरेज आहे. शाळेतला माझा एक मित्र सैन्यात हवालदार होता. सुट्टीवर आला की दुसऱ्याच दिवशी त्याची पल्सर माझ्याकडे सर्व्हिसिंगला यायची आणि गाडी होईपर्यंत तो बाकावर बसून गप्पा मारायचा. राजस्थानात युद्धसरावाहून परतताना त्यांचा ट्रक उलटला, त्यात तो गेला. दोन वर्षांनी त्याच्या नावानं आम्ही मोटारसायकल राईड काढली, त्याची ही हकीकत. गाड्या काढायच्या, पैसे जमवायचे, घरच्यांना नेऊन द्यायचे, एवढंच डोक्यात होतं. त्याला सप्टेंबर ते डिसेंबर असे चार महिने लागले.

कल्पना गणपतीत निघाली. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन, १९४९ पासून पाळला जातो. शाळेत असताना त्या दिवशी आम्ही छातीला छोटे झेंडे टाचायचो. त्याच्या जवळचा रविवार धरला. त्याच रात्री मी ग्रुपवर मेसेज टाकला आणि खाली गॅरेजचा क्यूआर कोड चिकटवला. दोन दिवसांत ११,००० रुपये जमा झाले. मला फार आनंद झाला.

आमच्या आळीत एक निवृत्त सुभेदार आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांना दाखवायला गेलो तर त्यांनी चष्मा लावून मेसेज दोनदा वाचला आणि विचारलं, "हे पैसे पडले कुठं?"

"माझ्या खात्यात."

"त्याच खात्यात तुझे ऑइलचे, टायरचे पैसे येतात ना? उद्या कुणी विचारलं, यातले जवानाचे कुठले आणि तुझे कुठले, तर काय दाखवशील? आधी परत कर सगळे."

मी चिडलो होतो, पण परत केले. एकेकाला फोन करून खाते क्रमांक घेतला. त्यात आठ दिवस गेले. मग कळलं की नोंदणीकृत न्यास नसताना धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं घेतात तीच. पैसे कशासाठी आणि कुणाला, जबाबदार माणसं कोण, हे सगळं त्यात लिहावं लागतं. आमचा पहिला अर्ज परत आला, कारण मी हेतूच्या रकान्यात नुसतं "शहीद कुटुंबास मदत" असं लिहिलं होतं. कुठलं कुटुंब, त्यांची संमती आहे का, किती रक्कम कुठं जाणार, यातलं काहीच नव्हतं. परत आला ते बरं झालं. त्या अर्जामुळेच आम्हाला त्या घरी जावं लागलं, नाहीतर आम्ही थेट राईडच्या दिवशीच उगवलो असतो.

त्याआधी आबांनी आणखी एक गोष्ट समजावली, ती इथं लिहायलाच हवी. लष्कराच्या कागदावर "शहीद" असा शब्द नसतो. तिथं बॅटल कॅज्युअल्टी किंवा फिजिकल कॅज्युअल्टी लिहितात. चकमकीत गेला तो पहिल्यात, सरावाच्या वेळी किंवा ड्युटीवरच्या अपघातात गेला तो बहुतेकदा दुसऱ्यात. त्यावर घरच्यांचं पुढचं सगळं ठरतं. बॅटल कॅज्युअल्टी असेल तर उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे शेवटच्या वेतनाइतकी पूर्ण पेन्शन. ड्युटीवरचा अपघात असेल तर विशेष कुटुंब निवृत्तिवेतन, ते ६० टक्के. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्राचं सानुग्रह अनुदान सीमेवरच्या चकमकीसाठी ३५ लाख आणि कर्तव्यावरच्या अपघातासाठी २५ लाख ठरलं. पैशाचा हा फरक कागदावर दिसतो. गावात दिसतो तो वेगळा. एकाच्या नावानं कमान उभी राहते, दुसऱ्याच्या नावाचा फलक लावायचा की नाही यावर ग्रामसभेत चर्चा होते. आमच्या ग्रुपमध्येही सुरुवातीला सगळ्यांच्या तोंडी पोगरवाडीच होतं. तिथले कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात चकमकीत गेले, त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या. साताऱ्यात हे नाव कुणाला माहीत नाही? पोगरवाडीविषयी मलाही तेवढाच आदर आहे. पण माझ्या मित्राच्या घरी दोन वर्षांत बाहेरचं कुणी फिरकलं नव्हतं, म्हणून मी हट्ट धरला.

ऑक्टोबरात आबा आणि मी त्याच्या गावी गेलो. पाटण तालुक्यात, मल्हारपेठच्या पुढं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मी रंगात येऊन सांगत होतो. सत्तरेक गाड्या, तिरंगे, गावातून फेरी, चौकात कार्यक्रम, मोठा चेक. त्या मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. माझं संपल्यावर म्हणाल्या, "भावजी, गाड्या तेवढ्या गावात आणू नका."

मला वाटलं खर्चाचं काही असेल.

"त्यांना घरी आणलं त्या दिवशी कराडपासून पोरं गाड्या घेऊन पुढं होती. हॉर्न, घोषणा. आईंना तोवर कुणी धड सांगितलंच नव्हतं. गाड्यांचा आवाज वेशीपाशी आला आणि त्यांना कळलं. अजून रस्त्यानं चार गाड्या एकदम गेल्या तरी त्या उठून आत जातात."

त्या दिवशीच्या गाड्यांत माझी गाडी होती. अगदी पुढच्या रांगेत. उंब्रजच्या फाट्यापासून गावापर्यंत मी हॉर्नवरचा अंगठा काढला नव्हता. मित्राला मान द्यायचा म्हणून वाजवत होतो, आणि आत एक आई तो आवाज जवळ येताना ऐकत होती. मी वहिनींना तिथंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "माहिती आहे. मी बघितलं होतं तुम्हाला." आणि चहा टाकायला आत गेल्या. जाताना बॅनर नको, स्टेज नको, फोटो नको, एवढं सांगून गेल्या. पैसे द्यायचेच असले तर बँकेत भरा, हातात नको. हातात दिले की आकडा गावभर होतो आणि दुसऱ्या दिवसापासून उसने मागणारे दारात येतात.

परत येताना आबा गाडीवर मागं बसून काहीच बोलले नाहीत.

ग्रुपमधल्या एका कॉलेजच्या पोरानं नंतर अमेरिकेतल्या अशा राईडची माहिती काढून सगळ्यांना वाचून दाखवली. तिथं रोलिंग थंडर ही राईड १९८८ मध्ये वॉशिंग्टनला पहिल्यांदा निघाली, युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिकांचा विसर पडू नये म्हणून. २००५ मध्ये कॅन्ससमध्ये पॅट्रियट गार्ड रायडर्स सुरू झाले. ते जवानांच्या अंत्यविधीला मोटारसायकलींवर हातात झेंडे घेऊन जातात, पण घरच्यांनी बोलावलं तरच. बोलावणं नसेल तर जात नाहीत. हे वाक्य त्यानं वाचलं तेव्हा मी त्याला पुन्हा वाचायला लावलं. आमच्या कागदावर मग तो पहिला नियम झाला. दुसरा नियम, गाड्या वेशीबाहेर पुलापाशी बंद करायच्या आणि पुढं चालत जायचं. त्यावर बराच वाद झाला. "मग राईड कसली?" असं म्हणून ११ जणांनी नावं काढून घेतली. ७३ चे ६२ राहिलो.

पोलीस परवानगीचं काम त्या मानानं सरळ झालं. मार्ग, वेळ, गाड्यांची संख्या, थांबे, जबाबदार पाच जणांचे नंबर आणि हमीपत्र. लायसन्स, विमा, पीयूसी मी स्वतः गॅरेजवर तपासलं. मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट. फटाके फोडणारे सायलेन्सर सात गाड्यांना निघाले. त्यांना कंपनीचे सायलेन्सर बसवल्याशिवाय यायचं नाही म्हणून सांगितलं. सातही जणांनी बदलले. दोघांचे मी मजुरी न घेता बसवून दिले.

मला खरी धास्ती होती उसाची. डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम ऐन भरात. पहाटेच्या धुक्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि रस्त्याच्या कडेनं बैलगाड्या. म्हणून दहा-दहाच्या तुकड्या केल्या. प्रत्येकीच्या पुढं एक मुरलेला चालवणारा, मागं एक. सरळ रांग न करता एक डावीकडं, पुढचा उजवीकडं, पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर. ट्रॉली ओलांडताना तुकडीनं एकदम घुसायचं नाही, ज्याचा त्यानं समोर बघून निर्णय घ्यायचा. दोन रविवार वर्ये आणि लिंब खिंडीच्या बाजूला सराव केला. दुसऱ्या सरावाला एकानं लाल रिफ्लेक्टर टेपची गुंडाळी आणली. तिथून पुढं जिथं चहाला थांबू तिथं उभ्या ट्रॉल्यांना आम्ही टेप चिकटवत गेलो. ट्रॅक्टरवाले आधी घाबरायचे, मग स्वतःच म्हणायचे, "त्या बाजूलापण मारा की दादा."

सकाळी साडेसहाला पोवई नाक्यावर छत्रपतींच्या पुतळ्याला वंदन करून निघालो. घोषणा नाही, हॉर्न नाही. पहिला थांबा अपशिंगे मिलिटरी. घराघरातून सैन्यात माणूस देणारं हे गाव, नावातच मिलिटरी. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांच्या स्मृतिशिलेपुढं आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. आमच्यात विशीतली पोरं होती. साताऱ्यात जन्म काढून त्यांनी ती शिला पहिल्यांदा पाहिली.

उंब्रजला महामार्ग सोडला. साडेनऊच्या सुमारास पुलापाशी एकेक गाडी बंद केली. तिथून घर सव्वा किलोमीटर. ६२ माणसं हातात हेल्मेट घेऊन चालत निघाली. चालताना फक्त बुटांचा आवाज येत होता, आणि कुणीतरी मध्येच खोकलं तर तो. काकू, म्हणजे त्याची आई, ओट्यावर बसल्या होत्या. आत गेल्या नाहीत. जो पाया पडेल त्याला विचारत होत्या, "कुठनं आलासा? कुणाचा रं तू?" प्रत्येकाला वेगळं विचारलं, प्रत्येकाचं उत्तर ऐकून घेतलं. शेजारणींनी घरून कपबश्या आणल्या. वीस मिनिटं थांबायचं ठरलं होतं, दोन तास गेले. एका पोरानं मोबाईल काढला होता, आबांनी नुसतं बघितलं, त्यानं परत खिशात ठेवला.

हिशेब असा. नोंदणीचे ५०० प्रमाणे ३१,००० आणि इतरांकडून पावतीवर ४६,५००, एकूण ७७,५००. चहा-नाश्ता, रुग्णवाहिकेचं डिझेल, टेप, झेरॉक्स हा खर्च आम्ही पाच जणांनी वाटून घेतला, जमलेल्या पैशाला हात लावला नाही. त्यातले ५०,००० मुलाच्या शिक्षणासाठी वहिनींच्या खात्यात आणि २७,५०० जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ध्वजदिन निधीला. अर्जात लिहिलं होतं तसंच. पावत्यांची पुस्तकं आबांच्या कपाटात आहेत.

निघताना वहिनींनी मला गोठ्याच्या मागं नेलं. ताडपत्रीखाली पल्सर होती. "ही चालू होईल का? मला आणि पोराला मल्हारपेठला जायला एसटीची वाट बघावी लागते."

टेम्पोत घालून गाडी साताऱ्याला आणली. एअर फिल्टरमध्ये उंदरांचं घरटं, कार्बोरेटर पेट्रोलच्या चिकट्यानं बसलेला, बॅटरी गेलेली, पुढचा टायर कडेनं तडकलेला. चार दिवसांचं काम. कागदांना जास्त वेळ लागला. मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायचा अर्ज फॉर्म ३१, तो तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो. इथं दोन वर्षं उलटून गेली होती. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, बाकीच्या वारसांची संमती, नवा विमा, पीयूसी, उशिराचा दंड. त्या घरात एवढ्या कागदांवर सह्या केल्या होत्या, हा एक राहून गेला होता. कुणी सांगितलंच नव्हतं. मी गाड्यांच्या धंद्यात असून दोन वर्षांत माझ्याही डोक्यात आलं नाही.

फेब्रुवारीत आरसी त्यांच्या नावावर आली. तोवर त्यांचं लर्निंग लायसन्स निघालं होतं. भावाला सोबत घेऊन त्या गाडी न्यायला आल्या. गॅरेजसमोरच्या गल्लीत एक फेरी मारली, परत येऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "भावजी, क्लच जड लागतोय."

त्याच्या हाताला लागायचा तसा मी तो लावून ठेवला होता. पाना घेतला आणि केबल दोन आटे सैल केली.