पोलो ग्राउंडवरची आजची सकाळ

२९ डिसेंबर २०२२. रात्री बारानंतर बातमी आली. ब्राझीलचे फुटबॉलपटू पेले गेले. महिनाभर साओ पावलोच्या रुग्णालयात होते, वय ८२, तरी मन मानेना. झोप लागलीच नाही.

सकाळी पोलो ग्राउंडवर गेलो, तर आपली बडोद्याची पोरं सामना सुरू न करता गोल करून उभी. मधोमध फोटो, त्याला झेंडूचा हार. मेणबत्ती वाऱ्याने सारखी विझायची. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा दोन्ही हातांचा आडोसा धरून शेवटपर्यंत उकिडवा बसून राहिला. पिवळ्या टी-शर्टवर पाठीमागे हिरव्या स्केचपेनने पेलेंच्या जर्सीचे १० काढलेले, धुऊन धुऊन शून्य फिकट झालेले.

मी पेलेंना प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही. बाबांनी पाहिलं. २४ सप्टेंबर १९७७, ईडन गार्डन्स, पेलेंचा न्यूयॉर्कचा क्लब कॉसमॉस विरुद्ध कलकत्त्याचा मोहन बागान. बाबा तेव्हा नोकरीनिमित्त कलकत्त्याला होते. पावसाने मैदान चिखलाचं, सामना २-२ बरोबरीत, पेलेंचा गोल एकही नाही. पण बाबा आयुष्यभर तोच सामना सांगत राहिले. "अरे, त्याच्याकडे चेंडू गेला की सगळं मैदान श्वास रोखायचं." आज बाबा हवे होते. फार हवे होते.

पोरांना १९५८ चं सांगितलं. वय १७, वर्ल्ड कपची फायनल, स्वीडनविरुद्ध दोन गोल. सगळे गप्प.

मग तो मेणबत्तीवाला म्हणाला, "काका, ते डाव्या पायानेपण मारायचे?"

"दोन्ही पायांनी. आणि डोक्यानेही."

तो उठला आणि एकटाच भिंतीवर डाव्या पायाने चेंडू मारायला लागला.