खडखडीचा माग

गाडीतले मोठे आवाज सहसा कोणाला त्रास देत नाहीत. इंजिनाची घरघर, रस्त्यावर टायरांची होणारी सळसळ, वेग वाढल्यावर काचांवरून जाणाऱ्या वाऱ्याचा घोंघाट हे सगळे मिळून जो गलबला होतो, त्याची सवय कानांना काही मिनिटांत होते आणि तो असून नसल्यासारखा होतो. डॅशबोर्डच्या पोटात कुठेतरी होणारी, त्या गलबल्यापुढे मोजण्यातही न येणारी टिकटिक मात्र माणसाला हैराण करते. सलग आवाजाकडे मन दुर्लक्ष करू शकते. थांबून थांबून येणाऱ्या आवाजाच्या बाबतीत ते प्रत्येक खड्ड्याआधी पुढच्या टिकटिकीची वाट पाहत बसते. शिवाय आपला कान साधारणपणे २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. इंजिनाचा आणि टायरांचा गोंगाट बहुतांशी या पट्ट्याच्या बराच खाली असतो, तर कडक प्लॅस्टिकवर कडक प्लॅस्टिक आपटले की त्या आवाजाची टोके नेमकी इथवर पोहोचतात. म्हणजे इतका क्षीण आवाजही त्या गलबल्यातून वाट काढून आपल्यापर्यंत येतोच.

असा आवाज शोधायला निघण्यापूर्वी तो कोणत्या जातीचा आहे हे ठरवणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण जात बदलली की उपाय उलटा होतो. खडखड होण्यासाठी दोन वस्तूंमध्ये थोडीशी फट लागते. फट असते म्हणून त्या हलतात आणि हलतात म्हणून एकमेकींवर आपटतात. करकरीचे तसे नसते. तिथे दोन पृष्ठभाग एकमेकांना दाबून बसलेले असतात. गाडीचा सांगाडा वळणावर किंवा गतिरोधकावर किंचित पिळवटला की ते आधी घर्षणाने एकमेकांना धरून राहतात, ताण वाढला की एकदम घसरतात, आणि पुन्हा धरतात. ही धरसोड सेकंदाला शेकडो वेळा झाली की करकर उमटते. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तेव्हाही हेच घडत असते, फक्त तिथे ते कोणीतरी मुद्दाम आणि सुरात घडवत असते. या दोन जातींखेरीज पातळ पत्र्याची किंवा पॅनलची झिणझिण ही एक तिसरी जात आहे, पण ती शोधायला सोपी असते, कारण हात ठेवताच ती थांबते.

खडखड थांबवायची तर फट भरून तो भाग घट्ट बसवावा लागतो. करकर थांबवायची तर दोन भाग एकमेकांपासून पुरते सोडवावे लागतात, नाहीतर मध्ये काहीतरी मऊ किंवा निसरडे घालावे लागते. करकरणारा भाग स्क्रू पिळून पिळून आणखी आवळणारे लोक पुष्कळ भेटतात. आवळल्याने घर्षण वाढते, त्यामुळे आवाज एक तर चढतो, नाहीतर त्या स्क्रूपासून हातभर अंतरावर जाऊन नव्याने सुरू होतो.

आता तो कुठून येतो हा प्रश्न. इथे कानांवर फार विसंबून चालत नाही. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे आपल्याला दोन कानांतील अंतरामुळे कळते. बाजूने येणारा आवाज एका कानापर्यंत दुसऱ्याच्या आधी पोहोचतो, आणि हा फरक जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास असतो. वरच्या पट्टीच्या आवाजांत डोक्याची सावली पडून दोन्ही कानांना तीव्रतेतही फरक जाणवतो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये या दोन गोष्टींची सांगड घातली होती. परंतु समोरच्या दिशेला असलेली वस्तू वर आहे की खाली, जवळ आहे की आत खोलवर, याबद्दल ही यंत्रणा फारसे काही सांगत नाही. त्यातून गाडी ही चारी बाजूंनी काच लावलेली बंद पेटी. समोरच्या काचेच्या खालच्या कडेपाशी झालेला आवाज काचेवरून परत फिरून तोंडावर येतो आणि स्टिअरिंगच्या मागून आल्यासारखा वाटतो. याहून फसवा प्रकार म्हणजे कंपनांचा प्रवास. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पोलादात त्याच्या कितीतरी पट वेगाने. त्यामुळे एके ठिकाणी झालेली ठोक पत्र्यातून धावत जाऊन दुसऱ्याच एखाद्या मोठ्या, सपाट भागातून बाहेर पडते. ऐकू येते ती जागा त्या आवाजाच्या बाहेर पडण्याची असते, जन्माची असेलच असे नाही.

म्हणून मी या कामात कानापेक्षा हाताला मोठा मान देतो. कानाने फक्त बातमी आणावी, पंचनामा तळहाताने करावा. मात्र त्याआधी गाडी पूर्ण रिकामी करावी आणि रिकामी म्हणजे खरोखर रिकामी. दारांचे कप्पे, ग्लोव्ह बॉक्स, चष्मा ठेवायची छताजवळची डबी, सीटखालची जागा, डिकीतला जॅक, त्याचा दांडा, पाना, आणि स्टेपनी जागेवर धरून ठेवणारा बोल्ट, हे सगळे तपासून झाल्याशिवाय एकाही स्क्रूला हात लावण्यात अर्थ नसतो. डॅशबोर्डच्या फटीत घरंगळलेले एखादे पेन भल्याभल्यांना पाणी पाजते. यानंतर पाळी येते ती हलत्या पण गाडीच्याच असलेल्या वस्तूंची: हेडरेस्टचे दांडे, मागच्या दुमडणाऱ्या सीटचे खटके, आणि कोणी न बांधलेल्या सीटबेल्टचे बक्कल. हे बक्कल चालकाच्या मागच्या खांबावर हलकेच टकटक करत राहते, आणि कानाच्या अगदी जवळ असल्यामुळे दार ढिले झाले आहे असा भास पक्का बसवते.

यानंतरचा शोध घेणाऱ्याने स्वतः गाडी चालवू नये. चालवायला दुसऱ्याला बसवावे, काचा बंद कराव्यात, पंखा बंद करावा, एखाद्या खडबडीत, निर्धोक रस्त्यावर ताशी वीस-तीस किलोमीटरच्या वेगाने जावे आणि आपण एकेका भागावर तळहात दाबून पाहावा. दाबल्यावर आवाज थांबला किंवा त्याचा पोत बदलला, तर तो तिथून वीतभर अंतरात आहे असे समजावे. न थांबला तर हात पुढे सरकवावा. हे कंटाळवाणे आहे, पण याहून चांगला उपाय मला माहीत नाही. एवढे मात्र खरे की, आवाज कशाच्या मागे धावतो हे पाहिले तर निम्मी वणवण वाचते. गाडी उभी असताना इंजिन हळूहळू चढवावे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर संथ चालत असताना सेकंदाला २५ ठोके देते आणि ३००० फेऱ्यांवर १००. या दोहोंच्या मध्ये एखाद्या ठरावीक ठिकाणीच खडखड सुरू होऊन पुढे मावळत असेल, तर तिथे कुठल्या तरी भागाची स्वतःची कंपनसंख्या इंजिनाच्या ठोक्यांशी जुळली आहे आणि रस्त्याचा त्यात काहीच दोष नाही. दारांसाठी आणखी एक युक्ती आहे. गाडीच्या स्पीकरमधून ३० हर्ट्झपासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा एकच सूर वाजवला, तर दाराच्या पॅडमधली, म्हणजे आतल्या आवरणातली, ढिली क्लिप आपली पट्टी आली की आपणहून बोलू लागते.

मिस्त्री शेजारी येऊन बसला की गाडी शहाण्यासारखी वागते, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की लोक त्यात गाडीचा खोडसाळपणा पाहतात. कारण बव्हंशी उष्णतेचे असते. एक मीटर लांबीची पोलादी पट्टी तापमान ३० अंशांनी वाढले की साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढते. डॅशबोर्डसाठी वापरतात तशी प्लॅस्टिके त्याच उष्णतेत दोन-तीन मिलिमीटर वाढतात. लोखंडी सांगाड्यावर बसवलेल्या प्लॅस्टिकला ही ये-जा करता यावी म्हणून कारखान्यातच फटी आणि सरकती भोके ठेवलेली असतात. सकाळी गार गाडीत ती फट खडखडण्याइतकी मोठी असते आणि गॅरेजपर्यंत पोहोचेस्तोवर गाडी तापून ती मिटते. शिवाय मिस्त्रीचे स्वतःचे वजन त्या बाजूच्या सीटवर पडते, हेही विसरू नये. रिकाम्या सीटची खडखड भरल्या सीटला होत नाही.

दार उघडून पाहणे हा या उद्योगातला माझ्या आवडीचा भाग आहे. आतल्या हँडलच्या वाटीत, एका छोट्याशा झाकणाखाली एक स्क्रू असतो. हात ओढायच्या खाचेत दुसरा. ते काढल्यावर प्लॅस्टिकची चपटी पट्टी पॅडच्या खालच्या कडेत सरकवून हलका झटका दिला की पहिली क्लिप फट् आवाज करून सुटते, आणि मग कडेने एकेक करत पुढे जाता येते. पॅड बाजूला झाले की काळ्या चिकट डिंकाने लावलेला प्लॅस्टिकचा पडदा दिसतो. तो कोपऱ्याकडून सोडवला की दाराचे खरे पोट उघडे पडते: काच वर-खाली करणारी यंत्रणा, हँडलकडून कुलपाकडे गेलेली सळई किंवा केबल, आणि वायरींची एक जुडी, जिचे कनेक्टर कधी कधी आपल्या खुंटीवरून निसटून पत्र्याला टेकलेले असतात. सळई जिथून जाते तिथे तिला धरणारा प्लॅस्टिकचा एक पांढरा लहानसा चिमटा असतो. तो झिजला की सळई जेमतेम केसभर हलू लागते. बोटाने टिचकी मारली की महिनोन्महिने छळणारा तोच आवाज, तोच सूर, हाताखाली उमटतो. चिमटा बदलावा, तोवर सळईवर लवदार कापडी टेपचे दोन वेढे पुरतात. पडदा पुन्हा नीट चिकटवणे मात्र टाळू नये, कारण काचेवरून दारात उतरलेले पावसाचे पाणी गाडीत येऊ न देण्याचे काम तोच करतो. तसेच दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी जी भोके असतात, ती उत्साहाच्या भरात फोम कोंबून बुजवू नयेत.

साहित्याबद्दल माझी मते जरा ठाम आहेत. नमद्याची (फेल्टची) चिकटपट्टी, वायरींना गुंडाळतात तशी कापडी टेप, बारीक छिद्रांचा फोम आणि सिलिकॉन ग्रीस एवढ्यावर बहुतेक सगळे भागते. दाराच्या रबराची करकर पुष्कळदा ते रबर पुसून त्याला सिलिकॉनचा पातळ हात दिल्याने जाते. तिथे साधे खनिज तेल लावू नये, त्याने रबर फुगते आणि सैल पडते. कागदाची घडी निदानासाठी उत्तम आहे: फटीत सरकवायची, आवाज थांबला की जागा सापडली. उपाय म्हणून ती तिथेच ठेवणे मात्र आळशीपणाचे आहे, कारण चार दिवसांत ती चेपते.

काही आवाज दाबायचे नसतात, हे इथे सांगितलेच पाहिजे. ब्रेक लावला की येणारी बारीक किंकाळी ही बऱ्याच गाड्यांत पॅड झिजल्याची मुद्दाम ठेवलेली खूण असते. खड्ड्यात चाक गेल्यावर पायाखाली ठक् होत असेल, तर सस्पेन्शनमधले लिंक रॉड, बॉल जॉइंट किंवा बुश तपासायला गाडी उचलूनच घ्यावी लागते. अशा आवाजापुढे डॅशबोर्डचा विचारही करू नये. खांबांच्या आवरणांमागे पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असू शकते. तिच्या वाटेत फोम भरणे म्हणजे ऐन वेळी तिला अडवणे आहे. पिवळे कनेक्टर दिसले की हात मागे घ्यावा आणि ते काम जाणत्या माणसावर सोपवावे.

गाड्या बनवणारे या बाबतीत निष्काळजी असतात असे मात्र म्हणता येणार नाही. चारही चाके हायड्रॉलिक खांबांवर ठेवून, शांत खोलीत, कधी गोठवणाऱ्या थंडीत तर कधी तापलेल्या हवेत ते अख्खी गाडी हलवून पाहतात. विजेच्या गाड्यांनी त्यांचे काम वाढवले आहे, कारण इंजिनाच्या घरघरीखाली जे झाकून जात होते ते आता उघड्यावर आले आहे. आपल्याही शोधाचे असेच होते: एक खडखड गेली की तिच्याखाली दबलेली दुसरी ऐकू येऊ लागते. त्यामुळे थांबायचे कुठे हे आधीच ठरवून ठेवलेले बरे.

मी डॅशबोर्डशी थांबतो. एसीच्या झरोक्यातून, ग्लोव्ह बॉक्स काढून, स्पीकरच्या जाळीखालून हात जिथवर पोहोचेल तिथवरचे करतो. त्यापलीकडच्या आवाजासाठी संपूर्ण डॅशबोर्ड उतरवण्याचा सल्ला कोणालाही देत नाही. प्रत्येक वेळी उतरवताना काही क्लिप तुटतात, काहींचा दम जातो, आणि एका आवाजाच्या बदल्यात तीन पदरात पडतात. एसीची कूलिंग कॉइल बदलण्यासारख्या कामासाठी कधीतरी तो उतरवावा लागतोच. त्या दिवसासाठी गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात मी नमद्याची एक गुंडाळी आणि एक चिठ्ठी ठेवली आहे. मिस्त्रीसाठी तिच्यात एवढेच लिहिले आहे: डावा झरोका, मागची बाजू, गाडी गार असताना, वरून दाबले की थांबते.