तार-नळ नसलेल्या मळ्यावर: विहीर आणि शोषखड्डा

इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला जागा घेऊन वीज-नळाशिवाय राहणारे सगळ्यात आधी सोलरचं गणित मांडतात. जरूर मांडावं. पण जुलैत जुलाब, कावीळ होते ती विहीर आणि संडास जवळजवळ असल्यामुळे.

या पट्ट्यात पावसाळ्यात भूजल इतकं वर येतं की संडासाचा खोल खड्डा सरळ पाण्यात उभा राहतो. म्हणून एक मीटर व्यासाचे, एक मीटर खोलीचे, जाळीदार विटकामाचे दोन खड्डे घ्या आणि जोतं उंच ठेवा. पाच माणसांना एक खड्डा साधारण तीन वर्षं जातो. भरला की दोन्ही खड्ड्यांकडे वाट देणाऱ्या चेंबरमधलं त्याचं तोंड बंद करून दुसरा चालू करायचा; दीड वर्षाने पहिल्यातून सोनखत निघतं. गवंडी सवयीने व्हेंट पाइप लावतोच, त्याला अडवा. दोन खड्ड्यांच्या संडासात गॅस मातीत जिरतो. आत ॲसिड, फिनेल ओतलं तर कुजणं थांबतं. अंघोळीचं पाणी वेगळ्या खड्ड्यात किंवा केळी-अळूला सोडा.

विहीर वरच्या अंगाला, निदान 10 मीटर लांब हवी. खाली भेगाळलेला काळा पाषाण असेल तर तेवढ्याचाही भरवसा नाही, भेगेतून घाण कुठवरही जाते. तेव्हा पाणी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकूनच प्यायचं.

मात्रा अशी: व्यास × व्यास × पाण्याची खोली × 0.785, सगळं मीटरमध्ये, म्हणजे घनमीटर पाणी. दर घनमीटरला 2.5 ग्रॅम. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर साधारण 95 ग्रॅम. पावडर कोरडी फेकू नका. थोड्या पाण्यात कालवा, बादली पाऊण भरा, चुना तळाशी बसू द्या आणि वरची निवळी दुसऱ्या बादलीने विहिरीत खालवर हलवत सोडा. तासाभराने ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी ऑर्थोटोलिडीनची चाचणी) पाणी पिवळसर दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर बहुतेक पावडरच मेलेली असते: उघड्या पोत्यातली, गोळे झालेली, नाकाला न झोंबणारी. चांगली पावडर झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत, अंधारात ठेवावी. पत्र्याचा डबा गंजतो.

गढूळ पाण्यात मात्र क्लोरीन गाळातच खर्ची पडतं. आधी तुरटी फिरवा, रात्रभर निवळू द्या, चौपदरी सुती कापडातून गाळा. तरीही शंका आली तर खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर तशीच ठेवा.