दंडाचा घेर

गेल्या महिन्यात माझा पंधरा वर्षांचा भाचा आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन आरशासमोर उभा होता. टेपचे एक टोक दातांत धरायचे, दुसरे दंडाभोवती ओढून घ्यायचे, मूठ वळून दंड फुगवायचा, आकडा वाचायचा आणि वहीच्या शेवटच्या पानावर तारखेपुढे लिहायचा, असा त्याचा क्रम चालला होता. पानावर अकरा आकडे होते आणि त्यांतला सर्वांत मोठा साडेदहा इंचांचा होता. हे कशासाठी, असे विचारल्यावर तो म्हणाला, “मामा, मी फारच बारीक आहे रे.” त्याचे वजन उंचीला साजेसे आहे आणि शाळेच्या संघात तो धावतो, तो बारीक असल्याचे घरात कोणी कधी म्हटलेले नाही.

अशीच टेप एकदा खेळण्यांनाही लावली गेली आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांच्या खेळण्यातल्या सैनिकांची मापे दिली आहेत. 1964 साली बाजारात आलेला ‘जी. आय. जो’ पाच फूट दहा इंच उंचीच्या माणसाएवढा कल्पिला, तर त्याचा दंड 12.2 इंच भरत होता. 1990च्या दशकातल्या त्याच्या ‘एक्स्ट्रीम’ अवताराचा दंड त्याच हिशेबाने 26.8 इंचांवर गेला होता. सैनिकाचे काम तेच राहिले होते, दंड मात्र दुपटीहून मोठा झाला होता, आणि हे खेळणे हातात घेणाऱ्या मुलाला त्यात काही वावगे दिसण्याचे कारणच नव्हते.

माल विकण्याआधी कमीपणा विकावा लागतो, हे मात्र त्याच्याही कितीतरी आधी ओळखले गेले होते. चार्ल्स ॲटलस या शरीरसौष्ठवपटूच्या टपालाने शिकवल्या जाणाऱ्या व्यायामक्रमाची जाहिरात अमेरिकी कॉमिक्सच्या पुस्तकांतून अनेक दशके छापली जात होती. तिच्यात एक काडीपैलवान तरुण मैत्रिणीसह समुद्रकिनारी बसलेला असतो, एक धटिंगण त्याच्या तोंडावर वाळू उडवतो, तरुण चडफडत घरी जातो, व्यायामक्रम मागवतो आणि परत येऊन त्या धटिंगणाला ठोसा लगावतो. मला या चित्रकथेत खटकते ते वेगळेच. धटिंगणाच्या वागण्याचा दोष त्याच्याकडे जातच नाही. तो वाळू खाणाऱ्याच्या छातीच्या मापावर येऊन पडतो.

आजच्या जाहिराती इतक्या उघड बोलत नाहीत. काही दिवसांपूर्वी मी पाठदुखीवरच्या व्यायामाचा एक व्हिडिओ पाहिला आणि त्यानंतर आठवडाभर माझ्या फोनवर उघड्या अंगाच्या पुरुषांची रीघ लागली. त्यांच्यापैकी एकानेही मला कुरूप म्हटले नाही. वेळ सगळ्यांनाच चोवीस तास मिळतो, कारणे सांगणे थांबवा, पोट सुटणे म्हणजे मनाचा ढिलेपणा, असे ते सांगत होते आणि त्याच व्हिडिओत पावडरीचा डबा कॅमेऱ्यापुढे फिरवत होते. पुरुषांवरच्या दबावाची खरी खोच मला येथे दिसते: दिसण्याची मागणी शिस्तीच्या भाषेत येते, त्यामुळे तिच्याविरुद्ध तक्रार करणारा माणूस आपोआपच आळशी ठरतो. (केसांविषयी येथे लिहीत नाही; तो खटला मी केव्हाच हरलो आहे.)

शिवाय पडद्यावरचे ते अंग शिस्तीनेही टिकणारे नसते. अभिनेता हेन्री कॅव्हिल याने एका मुलाखतीत उघड्या अंगाच्या दृश्यांची तयारी सांगितली होती: तीन दिवस पाणी कमी करत न्यायचे आणि शेवटच्या दिवशी ते पूर्ण बंद करायचे, तोवर जवळ कुठे पाणी असेल तर त्याचा वासही येऊ लागतो. कातडीखालचे पाणी उतरले की स्नायूंच्या रेघा उठून दिसतात. त्यावर चित्रीकरणाच्या तोंडावर वजने उचलून स्नायूंत आणलेला फुगवटा आणि बाजूने टाकलेला प्रकाश यांची भर पडते, आणि काही तासांपुरते तयार झालेले हे शरीर पाहणाऱ्याच्या डोळ्यांत कायमचे राहते. नॉर्वेने 2022 पासून शरीराचा आकार किंवा त्वचा बदललेल्या जाहिरातींवर तशी खूण बंधनकारक केली आहे आणि तो नियम मला योग्य वाटतो. परंतु तहानेने कोरलेल्या पोटावर कोणती खूण छापणार?

आपले भरलेले शरीरही अपुरेच आहे, या समजुतीने माणसाला पछाडणे हा आता वैद्यकाने मान्य केलेला त्रास आहे. ‘मसल डिसमॉर्फिया’ या नावाने त्याची नोंद अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या 2013 सालच्या निदानपुस्तिकेत आहे. माझा भाचा तेथे पोहोचलेला नाही, आणि वहीतल्या एका पानावरून तसे निदान करणे हाही अतिरेकच ठरेल. त्या दिवशी मी त्याला खेळण्यांच्या दंडाची गोष्ट सांगितली, तेव्हा तो मनापासून हसला. मग टेप माझ्यापुढे धरून म्हणाला, “तुझा किती भरतो, बघू.” मी बाही वर केली आणि टेप दंडाला टेकण्याआधीच माझी मूठ वळलेली होती.