रिपोर्ट नॉर्मल, पण हिशोब जुळेना

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमचे तात्या, म्हणजे माझे थोरले काका, कोविडने आयसीयूत होते, आधी बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) मग व्हेंटिलेटर, आणि त्यातून माणूस जिवंत घरी आला यातच सगळं आलं, पुढचं कोण विचारतंय. घरात सगळे ऑक्सिमीटर घेऊन मागे. ९६ आलं, ९७ आलं, चला तात्या ठणठणीत!

पण दुकानात बसायला लागले तेव्हा कळलं. किराणा दुकान, आयुष्यभर सगळा हिशोब तोंडी. गिऱ्हाईकाने १८५ च्या सामानाला पाचशेची नोट दिली की नोट हातात धरून नुसते बघत उभे राहायचे, मग हळूच पोऱ्याला हाक. बोलता बोलता मधेच शब्द सापडायचा नाही की चिडायचे. शर्टाची बटणं लावून झाली की दम लागून खाटेवर बसायचे.

सगळ्यांचं एकच, वय झालं आता. मला याचाच राग येतो, वय काय एका महिन्यात होतं का? मार्चमध्ये हाच माणूस डिस्ट्रिब्युटरच्या बिलातल्या चुका काढत होता. अमेरिकेत आयसीयूतून वाचलेल्या पेशंट्सचा एक मोठा अभ्यास २०१३ ला आला होता, कोविडच्या कितीतरी आधी. ८२१ पेशंट घेतले होते, तीन महिन्यांनी तपासलं तर साधारण ४० टक्के लोकांची स्मरणशक्ती आणि विचार करायची क्षमता डोक्याला बऱ्यापैकी मार लागलेल्या माणसाइतकी खाली आलेली. त्यात तरुणही होते! आणि आयसीयूत जितके जास्त दिवस भ्रम, म्हणजे डिलिरियम, तितकं नंतरचं नुकसान जास्त.

भ्रम तात्यांनाही झालेला. आपण बोटीवर आहोत आणि हे पांढऱ्या कपड्यातले लोक आपल्याला समुद्रात टाकणार, असं त्यांना वाटायचं. साहजिक आहे, चोवीस तास लाईट, झोपेची इंजेक्शनं, पीपीईत कुणाचा चेहरा दिसत नाही, घरचं माणूस आत सोडत नाहीत. पाहुण्यांत हा किस्सा जोक म्हणून फिरला, तात्या एकदाही हसले नाहीत. रात्री लाईट बंद केलेला त्यांना पुढे कितीतरी महिने चालत नव्हता.

डिस्चार्ज कार्डवर गोळ्या आणि प्रोटीन पावडर, डोक्याबद्दल एक ओळ नाही. शेवटी चुलतबहिणीने हट्टाने न्यूरोलॉजिस्टकडे नेलं. त्यांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला दिले, बी-१२ आणि थायरॉइड तपासलं (हे कमी असलं तरी विसरायला होतं आणि त्यावर औषध आहे), झोप आणि भीतीबद्दल नीट विचारलं. सोबत फिजिओ, खुर्चीतून हात न टेकता उठणं वगैरे. दुकानात फक्त सकाळी, थकायच्या आत घरी. तुमच्याकडे कुणी असं आयसीयूतून आलं असेल, स्वाइन फ्लू असो नाहीतर काही, तर पहिल्या फॉलोअपलाच हे सगळं विचारा, डॉक्टर आपणहून विषय काढतील याची वाट बघू नका.

आता तात्या कॅल्क्युलेटर घेऊन बसतात, होलसेलची ऑर्डर स्वतः देतात, सेल्समनशी भांडतात पण. उधारीची वही मात्र चुलतभावाकडे गेली ती गेलीच, आणि त्याला वसुली अजिबात जमत नाही.