पंचायतीच्या खात्यातले पैसे का खर्च होत नाहीत

गोव्यातल्या आमच्या गावच्या आजच्या ग्रामसभेत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला: खात्यात पैसे पडून आहेत, मग वाड्यावरचा रस्ता का होत नाही? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र शिलकीत नाही, निधीच्या अटींत आहे.

केंद्राचा पैसा राज्यांना आणि पंचायतींना कसा वाटायचा ते सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी देशभरातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना 2,36,805 कोटी रुपये सुचवले. त्यातले 60 टक्के बांधील, म्हणजे ठरलेल्या कामांनाच: त्यातले निम्मे स्वच्छतेला, निम्मे पाण्याला. उरलेल्या 40 टक्के अबांधील रकमेतून रस्ता, गटार, दिवाबत्ती करता येते, पगार नाही. राज्यांमधली वाटणी 90 टक्के लोकसंख्येवर, 10 टक्के क्षेत्रफळावर. म्हणजे गोव्याच्या वाट्याला मुळातच थोडे, आणि किनाऱ्यावर पर्यटक टाकून जातात तो कचरा या सूत्रात कुठेच मोजलेला नाही. हा मला सरळ अन्याय वाटतो.

पुढची अडचण वेळेची. काम आधी पंचायतीच्या विकास आराखड्यात लागते. लेखे ऑनलाइन नसतील तर अनुदानच अडते. मग अंदाजपत्रक, अभियंत्याची तांत्रिक मंजुरी, निविदा. एखाद्या कागदासाठी मार्च उलटला की जूनमध्ये पाऊस, आणि डांबरीकरण थेट दिवाळीच्या आसपास.

आराखडा साधारण ऑक्टोबरपासून ठरू लागतो. तेव्हा सचिवांकडे बांधील आणि अबांधील शिल्लक वेगवेगळी मागा, तांत्रिक मंजुरी कोणत्या कामांना आहे ते विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. घरपट्टीची थकबाकीही विचारा. त्या पैशाला आयोगाच्या या अटी नाहीत.