दाढ आणि उशाशी तांब्या

मे महिन्यात घरी कोकम सरबत केलं होतं, भरपूर बर्फ टाकून, आणि पहिल्याच घोटाला उजवीकडे मागे अशी कळ गेली की ग्लास खालीच ठेवला. थंड लागून दात शिवशिवणं मला नवीन नाही, पण ते दोन सेकंदात जातं, ही कळ मात्र ग्लास ठेवला, तोंड पुसलं, बायकोने काय झालं विचारलं, तिला सगळं सांगून झालं तरी ठणकतच होती. खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं. लगेच थांबणाऱ्या शिवशिवीत बहुतेक वेळा नस शाबूत असते, फिलिंगवर भागतं, कधी तर कीडही नसते, नुसती हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलेलं असतं. पण थंड किंवा गरम लागून गेल्यावरही अर्धा-एक मिनिट ठणका राहत असेल तर आतली नस चांगलीच सुजलेली असते आणि ती आपली आपण बरी होणं अवघड.

मी काय केलं, तर लवंग धरली दाढेत. बरं वाटतं हो, लवंगेच्या तेलाने तेवढ्यापुरतं बधिर होतं, पण कीड आहे तिथेच राहते.

मग आली ती रात्रीची भानगड. दिवसा कामात काही नाही आणि रात्री आडवं झालं की ठण ठण ठण, कारण झोपल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि दाताच्या आत सुजायला जागाच नसते, सगळीकडून कडक भिंती. चहा तर तोंडात घेववेना आणि गार पाणी धरलं की शांत. शेवटी उशाशी तांब्या ठेवला, दर पाच मिनिटांनी एक घोट घ्यायचा, त्या गालात धरून बसायचं, कोमट झालं की गिळायचं, परत घोट. तीन रात्री असं केलं आणि चौथ्या दिवशी सकाळी दुखणं गायब!

मी जाम खूश. आई म्हणाली, "दाखवून ये रे एकदा," मी म्हटलं आता कशाला उगाच.

पुढचे दोन आठवडे काही नाही. मग एक दिवस भाकरीचा कडक पापुद्रा चावला आणि डोळ्यांत पाणी आलं. आरशात बघितलं तर खालच्या दाढेशी हिरडीवर तांदळाएवढी पुळी, दाबली की तोंडात खारट घाण चव. तेव्हा कुठे गेलो.

मी सांगत होतो वरची दाढ दुखायची, कानापर्यंत कळ जायची. डॉक्टरांनी आरशाच्या दांड्याने एकेक दात ठोकला आणि खालची ठोकल्यावर मी खुर्चीतून उडालो. नसेचं दुखणं असं फसवतं म्हणे, एकाच बाजूला वरचं की खालचं ते कळत नाही. मग कापसावर गार स्प्रे मारून त्याच दाढेला लावला. मी आनंदाने म्हणालो, काहीच नाही वाटलं! त्या म्हणाल्या, "तेच तर." म्हणजे ज्या दिवशी मी खूश झालो त्या दिवशी नस मेली होती, आणि पू मुळाच्या टोकातून हाडात उतरत होता. एक्स-रेत मुळाशी काळी सावली दिसली. नुसत्या अँटिबायोटिकवर भागवा म्हटलं तर म्हणाल्या, मेलेल्या नसेत रक्तच पोचत नाही, औषध कुठून पोचणार.

एक विचारून घेतलं ते सांगतो, दाखवायला जायच्या आधी पेनकिलर घेतली असेल तर तसं सांगा, नाहीतर ठोकून-गार लावून बघितलेलं नीट कळत नाही. आणि गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. सर्दीत वरच्या दाढा एकदम सगळ्याच दुखतात ते वेगळं, ते बऱ्याचदा सायनसचं असतं.

रूट कॅनालच्या दोन बैठका झाल्या, पुळी गेली. सुई टोचली तेवढंच काय ते दुखलं, बाकी तोंड उघडं ठेवून जबडा मात्र आंबला. कॅप अजून बसायचीय, तोवर उजवीकडून शेंगदाणे बंद आणि तांब्या परत स्वयंपाकघरात.